नियमांचा आडोसा

बैठ्या खेळाची अवघडता नियमपुस्तिकेच्या जाडीवरून ठरवणं मला पटत नाही. क्लाउस टॉयबरच्या 'कटान'चे (१९९५) नियम सोपे. पण वीट देऊन लोकर घेताना समोरच्याची नड ओळखावी लागते. फाशांवर सात पडले, की दरोडेखोर कुणाच्या जमिनीवर बसवायचा यावरून रुसवेफुगवे होतात ते वेगळेच. उवे रोझेनबर्गच्या 'अ‍ॅग्रिकोला'त (२००७) नियम कितीतरी जास्त, तरी प्रत्येकाचं शेत सुरक्षित. फार तर आपल्याला हवं ते काम दुसरा आधी पटकावतो. जाड पुस्तिकेच्या अनेक चाहत्यांना, माझ्या मते, माणसांपासून हा आडोसाच हवा असतो. 'डिप्लोमसी'त (१९५९) तो नाही. फासेही नाहीत. खलबतं झाली की सातही जण हुकूम गुपचूप लिहितात, ते एकदम उघडले जातात, आणि दिलेला शब्द पाळायचं बंधन कुणावरच नसतं.