पेन्सिलीचं दुसरं टोक

३० मार्च १८५८ रोजी अमेरिकेच्या पेटंट कचेरीने १९,७८३ क्रमांकाचं पेटंट मंजूर केलं. ते मिळालं हायमन लिपमन यांना. जन्माने जमैकाचे हे गृहस्थ फिलाडेल्फियात स्टेशनरीचा व्यापार करत. पेन्सिल त्यांनी शोधली नव्हती, खोडरबरही नाही. दोन्ही वस्तू आधीपासूनच टेबलाटेबलावर होत्या. लिपमन यांनी त्या एका लाकडात बसवल्या, इतकंच. पण हे ‘इतकंच’ म्हणजे नेमकं किती, हे ठरवायला पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला बसावं लागलं.

पेन्सिलीचं लिहिलेलं पुसायला पूर्वी पावाचा मऊ गर वापरत. १७७० च्या सुमारास लंडनमध्ये एडवर्ड नेर्न हे वैज्ञानिक उपकरणं बनवणारे गृहस्थ त्यासाठी रबराचे ठोकळे विकू लागले. अर्धा इंच लांबी-रुंदी-उंचीचा तुकडा तीन शिलिंगांना. ही नोंद केली आहे जोसेफ प्रीस्टली यांनी, म्हणजे पुढे ज्यांचं नाव ऑक्सिजनच्या शोधाशी जोडलं गेलं तेच. मात्र कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होई. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांना गंधक आणि उष्णता देऊन ते टिकाऊ करण्याची युक्ती सापडली. त्यानंतरच रबर लाकडात कायमचं बसवण्याचा विचार करण्यात अर्थ होता.

लिपमन यांची रचना आजच्या रबरवाल्या पेन्सिलीपेक्षा वेगळी होती. पत्र्याचं कडं नाही, बाहेर डोकावणारी गुलाबी गुंडीही नाही. पेन्सिलीच्या साधारण तीन चतुर्थांश लांबीत शिसं, आणि उरलेल्या चतुर्थांशात खाच करून तिच्यात डिंकाने चिकटवलेली रबराची पट्टी. रबर झिजलं किंवा काळं पडलं, की शिशाचं टोक काढतो तसंच चाकूने त्या बाजूचंही टोक काढायचं, आत स्वच्छ रबर तयार. बारीक रेघ किंवा एखादा आकडा नेमका पुसता येतो, आणि रबर टेबलावर हरवत नाही, मळत नाही, असे फायदे त्यांनी अर्जात मांडले. कल्पना देखणी आहे. पण एवढं बारीक रबर रेघेपुरतंच. अख्खी ओळ खोडायची झाली तर ते अपुरं पडणार, आणि पेन्सिल दोन्ही बाजूंनी खर्ची पडणार.

ही उणीव जोसेफ रेकेनडॉर्फर यांनी हेरली. १८६२ मध्ये त्यांनी लिपमन यांचे हक्क विकत घेतले. किंमत एक लाख डॉलर होती असं सांगतात. त्याच वर्षी त्यांनी स्वतःचं सुधारित पेटंटही मिळवलं. त्यात पेन्सिलीचं मागचं टोक जाड करून तिथे मोठं रबर मावेल अशी खोबण होती आणि तिथून पेन्सिल पुढे निमुळती होत जात होती. मग पेन्सिली बनवणाऱ्या फाबर यांचा माल त्याच धर्तीचा दिसल्यावर रेकेनडॉर्फर यांनी दावा ठोकला.

सर्वोच्च न्यायालयाचा १८७५ चा तो निकाल न्यायमूर्ती वॉर्ड हंट यांनी लिहिला, आणि रेकेनडॉर्फर हरले. हंट यांचा मुद्दा असा की लिहिताना पेन्सिल लिहिते, उलटी धरली की रबर पुसतं. दोघांनी मिळून नवं असं काहीच घडत नाही. बारा इंची दांड्याच्या एका टोकाला हातोडी आणि दुसऱ्याला स्क्रू पिळायचं हत्यार बसवलं, किंवा बागेतल्या दाताळ्याच्या दांड्याला कुदळ जोडली, तर दोन हत्यारं वाहण्याचा त्रास वाचेल, पण त्याला शोध म्हणता येणार नाही. दोन्ही पेटंटं रद्द झाली. तर्क बिनतोड आहे. तरी मला वाटतं, रेकेनडॉर्फर यांची जाड टोकाची सुधारणा न्यायालयाने जरा घाईने निकालात काढली. दोन वस्तू जोडायचं कुणालाही सुचेल. त्या जोडीने नीट काम करावं म्हणून कुठे किती फुगवायचं, हे सुचायला वापरणाऱ्याचा हात लागतो.

आपला कायदाही याच वाटेने जातो. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यातलं कलम ३(फ) सांगतं की आपापलं ठरलेलं काम स्वतंत्रपणे करणाऱ्या माहितीतल्या साधनांची नुसती मांडणी किंवा फेरमांडणी म्हणजे शोध नव्हे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धातूची भांडी बनवण्याच्या एका पद्धतीचं पेटंट रद्द ठरवताना हाच धागा धरला. ‘बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज’ हा तो खटला. कल्पकता न वापरता केवळ वस्तूंची जुळणी केली, तर पेटंट मिळत नाही. हा निकष आपल्या खवणी असलेल्या विळीला लावून पाहावा. पाटावर गुडघा टेकवून त्याच पात्यावर भाजी चिरायची आणि त्याच पात्याच्या टोकाला नारळ खवायचा. चिरणं वेगळं, खवणं वेगळं. न्यायमूर्ती हंट यांनी तिलाही नापास केलं असतं, आणि कोकणातल्या स्वयंपाकघरांचं त्यावाचून काही अडलं नसतं.

रेकेनडॉर्फर यांची पेटंटं गेल्यामुळे रबरवाली पेन्सिल कुणालाही बनवता येऊ लागली. नंतर जी रचना टिकली तिच्यात खरं काम करतं ते कडं. लाकडाचं टोक किंचित तासून बारीक करतात, त्यावर पितळेची किंवा अॅल्युमिनियमची पातळ नळी चढवतात, उरलेल्या तोंडात रबराची गुंडी बसवतात आणि नळीला बाहेरून दाबून बारीक खळगे पाडतात. हे खळगे आत रुतून एका बाजूला लाकूड, दुसऱ्या बाजूला रबर घट्ट धरतात. रबरातही सुधारणा झाल्या. परंपरेने त्यात प्यूमिस या ज्वालामुखीजन्य दगडाची भुकटी मिसळतात, म्हणजे कागदाचा वरचा थर थोडा खरवडला जाऊन शिशातलं ग्राफाइट सुटं होतं.

एक दोष मात्र आजही गेलेला नाही. पेन्सिल वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्ये पडून राहिली तरी शिसं तसंच राहतं, रबर मात्र हवेतल्या ऑक्सिजनने कडक होतं आणि पुसायच्या ऐवजी कागदावर काळपट फराटे ओढतं. वापरात असलेल्या पेन्सिलीतही बरेचदा रबर आधी संपतं आणि लाकूड मागे उरतं. म्हणून दुकानात पेन्सिलीच्या टोकावर चढवायच्या रबराच्या टोप्या सुट्या मिळतात.