विश्लेषण : सकाळी भांड्यात, रात्री ताटात… स्लो कुकरमधले बीफ-बटाटे नेमके बिघडतात कुठे?

अमेरिकेत थंडी पडू लागली की घरोघरी ओट्यावर काचेच्या झाकणाचे एक जडशीळ भांडे दिसू लागते. सकाळी कामावर निघण्यापूर्वी त्यात बीफचे तुकडे, बटाटे, कांदा, गाजर घालायचे, बटण फिरवायचे आणि बाहेर पडायचे. संध्याकाळी परत यावे तर जेवण तयार. तिथे शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या अनेक मराठी मुलामुलींच्या स्वयंपाकघरातही हे भांडे पोहोचले आहे. कृती सोपी म्हणून प्रसिद्ध असली तरी तक्रारी ठरलेल्या असतात. मांस चिवट राहिले, बटाटे दाताखाली कचकन लागले, रस्सा पाणचट झाला. क्वचित त्याहून वाईट म्हणजे पोट बिघडले. यातली जवळपास प्रत्येक चूक सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासात झालेली असते.

हे भांडे आले कुठून?

शिकागोतील संशोधक आयर्व्हिंग नॅक्सन यांना १९४० मध्ये अन्न तापवणाऱ्या विजेच्या भांड्याचे पेटंट मिळाले. त्यामागे त्यांच्या आईने सांगितलेली लिथुआनियातील आठवण होती. शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या साबाथच्या दिवशी, चूल पेटवायची नसते. म्हणून शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी मांस, कडधान्ये आणि कंद यांचे ‘चोलंट’ भरलेले भांडे गावातल्या भट्टीवाल्याकडे ठेवले जाई. निवत जाणाऱ्या भट्टीत ते रात्रभर शिजे. नॅक्सन यांची कंपनी पुढे कॅन्सस सिटीच्या ‘रायव्हल’ने विकत घेतली आणि १९७१ मध्ये तेच यंत्र ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आणले. नोकरी करणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढत होती, तो हा काळ. दिवसभर घराबाहेर असतानाही स्वयंपाक होतो, ही जाहिरात लागू पडली.

यंत्र अगदी साधे आहे. चिनीमातीचे जाड भांडे, त्याभोवती विजेची तार, वर घट्ट बसणारे झाकण. वीज लागते साधारण दोन-अडीचशे वॉट. अनेक मॉडेलमध्ये ‘लो’ आणि ‘हाय’ या दोन्ही खुणांवर अन्न शेवटी उकळीच्या जरा खालच्या तापमानालाच पोहोचते, ‘लो’वर फक्त उशिरा.

महागडे मांस इथे का वाया जाते?

जनावराचा जो भाग जास्त कष्ट करतो, उदाहरणार्थ खांदा, त्यात कोलॅजन नावाचे चिवट तंतू भरपूर असतात. अमेरिकेत खांद्याच्या या भागाला ‘चक’ म्हणतात आणि तो तुलनेने स्वस्त मिळतो. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे काही तास गेले की कोलॅजन विरघळून त्याचे जिलेटिन होते. तेच रश्श्याला दाटपणा देते आणि मांस चमच्याने तुटू लागते. पाठीकडच्या महागड्या, कोवळ्या भागात कोलॅजन कमी. तो आठ तास ठेवला तर कापसासारखा कोरडा होतो. इथे स्वस्त तेच चांगले.

अर्ध्या वाटेवर मांस सर्वात चिवट असते, हेही लक्षात ठेवावे. साठ-पासष्ट अंशांच्या आसपास तंतू आक्रसतात आणि रस पिळून बाहेर टाकतात, पण कोलॅजन अजून विरघळलेले नसते. चौथ्या तासाला चव घेऊन ‘मांसच वाईट निघाले’ असे ठरवणाऱ्यांनी आणखी तीन तास थांबायला हवे होते.

मांस शिजले तरी बटाटा कच्चा कसा?

अनेकांचा यावर विश्वास बसत नाही, कारण गॅसवर बटाटा वीस मिनिटांत शिजतो आणि मांसाला तास-दीड तास लागतो. स्लो कुकरमध्ये हिशेब उलटा होतो. बटाट्याच्या पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन साधारण ८५ अंशांच्या पुढेच भराभर सुटते. तेवढे तापमान यायला या भांड्यात कित्येक तास जातात. त्याआधी ५५ ते ७० अंशांच्या टप्प्यात बटाटा बराच वेळ रेंगाळतो आणि त्या टप्प्यात त्यातलेच एक विकर पेक्टिनला अधिक घट्ट करते. भरीला टोमॅटो किंवा वाइन पडली की आंबटपणामुळे बटाटा आणखी हट्टी होतो. चिंच-कोकम घातलेल्या आमटीत बटाटा लवकर शिजत नाही, हे आपल्याकडच्या बायकांना कुणी शिकवावे लागत नाही. त्यातलेच हे गणित.

उपाय दोन. बटाटे तळाशी आणि कडेला लावायचे, कारण भांडे तिथे आधी तापते. मांस त्यांच्यावर. आणि आंबट पदार्थ बेताने. बटाट्याची जातही महत्त्वाची. रसेटसारखा पिठूळ बटाटा आठ तासांत फुटून रश्श्यात मिसळतो. लाल सालीचा किंवा ‘यूकॉन गोल्ड’ आकार धरून राहतो.

चार-पाच जणांसाठी कृती

खांद्याचे एक किलो बीफ घेऊन दीड-दोन इंचांचे तुकडे करावेत. ते कागदाने टिपून मीठ, मिरपूड लावावी आणि कढईत थोड्या तेलावर दोन-तीन घाण्यांत तांबूस होईपर्यंत परतावेत. ही पायरी टाळता येते, पण टाळू नये. मांसाला येणारा तो खरपूस वास साधारण १४० अंशांच्या पुढे तयार होतो आणि स्लो कुकर शंभरीही गाठत नाही. त्याच कढईत दोन कांदे, पाच-सहा लसूण पाकळ्या, दोन चमचे मैदा आणि एक चमचा टोमॅटो पेस्ट परतून घ्यावी. दीड कप गरम स्टॉक किंवा पाणी घालून कढईला चिकटलेले खरवडून घ्यावे.

भांड्याच्या तळाशी पाऊण किलो बटाट्याच्या मध्यम फोडी आणि तीन गाजरे ठेवावीत. त्यावर मांस, वरून तो रस्सा, एक तमालपत्र, असल्यास थोडे थाइम. ‘लो’वर आठ तास किंवा ‘हाय’वर साधारण पाच. पाणी कमी वाटले तरी वाढवू नये. झाकणावरची वाफ पुन्हा आतच पडते आणि मांस-भाज्यांचे पाणी सुटते. रस्सा पाणचट होण्याचे कारण बहुतेक वेळा वरून ओतलेला तो एक जादा कप असतो. हिरवे मटार हवे असतील तर शेवटची पंधरा मिनिटे.

महाराष्ट्रात गोवंशाच्या कत्तलीला बंदी आहे. गाय आधीपासूनच कायद्यात होती, २०१५ मध्ये बैल आणि वळूही आले. म्हशीच्या मांसाला ती बंदी लागू नाही. बीफ न खाणाऱ्यांना हीच कृती बोकडाच्या खांद्याच्या किंवा नळीच्या मटणावर करता येते. घाई असेल तर आपला प्रेशर कुकर केव्हाही सरस. त्यात तापमान १२० अंशांच्या आसपास जाते आणि हेच काम तासाच्या आत होते. दोनशे वॉटचा स्लो कुकर आठ तासांत दीड युनिटहून अधिक वीज घेतो. त्याची खरी सोय एवढीच, की तो चालू असताना घरी कुणी लागत नाही.

घरी कुणी नसणे धोक्याचे केव्हा?

४ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. अन्नाने हा पट्टा लवकर ओलांडायला हवा आणि हे भांडे तर मुळातच संथ. म्हणून फ्रीझरमधले गोठलेले मांस थेट टाकू नये, आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून वितळू द्यावे. भांडे अर्ध्यापेक्षा कमी आणि दोन तृतीयांशाहून अधिक भरू नये. वास घेण्यासाठी झाकण उघडण्याचा मोह आवरावा, प्रत्येक वेळी वीसेक मिनिटांची उष्णता जाते. घरी नसताना वीज गेली आणि किती वेळ गेली ते कळायला मार्ग नसेल, तर अन्न शिजलेले दिसले तरी टाकून द्यावे, असा अमेरिकी कृषी खात्याचा सल्ला आहे. आपल्याकडे जिथे भारनियमन होते, तिथे तो दुप्पट लागू. घरी असताना वीज गेली तर सरळ गॅसवर शिजवून घ्यावे. उरलेले अन्न दोन तासांच्या आत उथळ डब्यांत काढून फ्रीजमध्ये ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये वाफाळेपर्यंत तापवावे, स्लो कुकरमध्ये नव्हे.

यात कच्चा राजमा मात्र कधीच घालू नये. लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन हे विषारी द्रव्य असते. ते खळखळत्या उकळीने नष्ट होते, पण मंद आचेवर टिकते. असे चार-पाच दाणेसुद्धा काही तासांत उलट्या-जुलाब सुरू करू शकतात. राजमा किमान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात अर्धा तास उकळून मगच भांड्यात घालावा.

अमेरिकेतून आणलेला कुकर इथे चालतो का?

मुलगा किंवा लेक सुटीवर येताना तिथला कुकर बॅगेत घालून आणते आणि इथे पिन बदलून तो लावला जातो. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. व्होल्टेज जवळपास दुप्पट झाले की तापणारी तार सुमारे पावणेचारपट वीज खेचते, म्हणजे दोनशे वॉटचे भांडे साडेसातशेच्या घरात जाते. तार जळणे, भांड्याला तडा जाणे, आग लागणे, यातले काहीही होऊ शकते. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर, तोही भांड्याच्या वॉटपेक्षा बराच जास्त क्षमतेचा, मध्ये असल्याशिवाय ते भांडे लावू नये. त्यापेक्षा २२०-२४० व्होल्ट असे बुडाशी लिहिलेला कुकर इथेच विकत घेतलेला बरा.