परदेशी परीक्षेचा कागद आणि आमचे निबंधलेखन

परदेशी विद्यापीठाचे दार आपल्याकडील गरीब विद्यार्थ्याला पूर्वी मुख्यतः पैशाअभावी बंद असे. आज ते तितकेसे बंद राहिलेले नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी आदिवासी विकास विभागाची योजना आहे. केंद्र शासनाचीही राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्याच्या लोकसंख्येत आदिवासींचे प्रमाण ३८ टक्क्यांहून अधिक होते. म्हणजे या योजना ज्यांच्यासाठी आखल्या गेल्या, ते विद्यार्थी आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या वर्गांतच बसलेले आहेत. तरीही त्यांपैकी फार थोडे या वाटेला लागतात. याची कारणे अनेक आहेत. परंतु त्यांतील एक असे आहे की ज्याचा उपाय सर्वस्वी आपल्या हातचा आहे. ते कारण म्हणजे लेखन.

शिष्यवृत्तीसाठी आधी परदेशी विद्यापीठाचा प्रवेश हवा, आणि प्रवेशासाठी इंग्रजीची परीक्षा हवी. या परीक्षांपैकी आयईएलटीएस ही आपल्याकडे सर्वांत परिचित. वाचन, श्रवण, संभाषण आणि लेखन असे तिचे चार विभाग असून प्रत्येकाला नऊपैकी श्रेणी मिळते. ब्रिटनमधील बहुतेक विद्यापीठे पदव्युत्तर प्रवेशासाठी साडेसहा किंवा त्याच्या आसपासची श्रेणी मागतात, आणि शिवाय कोणत्याही एका विभागात विशिष्ट श्रेणीच्या खाली घसरता कामा नये अशी अटही घालतात. जगभरच्या परीक्षार्थींची सरासरी पाहिली तर लेखनाची श्रेणी सर्वांत खाली असते. साहजिकच उमेदवार अडतो तो बहुधा येथेच.

या अडण्याची किंमतही थोडी नाही. परीक्षेची फी सतरा-अठरा हजार रुपयांच्या घरात आहे. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. त्या हिशेबाने ही फी म्हणजे एका मजुराची पंचावन्नहून अधिक दिवसांची कमाई होय. सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर, आणि तेथून नागपूर आणखी पावणेदोनशे. हा प्रवास निराळाच. निकाल ग्राह्य धरला जातो तो दोनच वर्षे. अर्ध्या श्रेणीने हुकलेल्या श्रीमंत घरच्या मुलाचा एक महिना जातो. तितक्याच फरकाने हुकलेल्या भूमिहीन घरच्या मुलीची मात्र संधीच जाते. म्हणून या विभागाची तयारी हा केवळ भाषेचा प्रश्न नसून तो आर्थिक प्रश्नही आहे.

आता या विभागात मागितले जाते ते काय? एक तास आणि दोन लेखन. पहिल्यात एखादा तक्ता, आलेख, नकाशा किंवा प्रक्रियेची आकृती देऊन तिचे वर्णन किमान १५० शब्दांत करावयाचे असते. दुसऱ्यात एखाद्या सार्वजनिक प्रश्नावर किमान २५० शब्दांचा निबंध लिहावयाचा असतो, आणि त्याला पहिल्याच्या दुप्पट वजन असते. म्हणून पहिल्यास वीस आणि दुसऱ्यास चाळीस मिनिटे द्यावीत असा संकेत आहे. तपासण्याचे निकष चार आहेत : विचारले त्याचे उत्तर दिले की नाही, मांडणी सुसंगत आहे की नाही, शब्दसंपत्ती आणि व्याकरण. चारही निकषांना सारखेच वजन आहे. यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. ज्याला आपण ‘इंग्रजी चांगले असणे’ म्हणतो, ते यातील अर्धेच आहे. उरलेले अर्धे म्हणजे नेमका विचार आणि त्याची शिस्तबद्ध मांडणी. ती कोणत्याही भाषेत शिकता येते, आणि मातृभाषेत सर्वांत लवकर शिकता येते.

पहिल्या प्रकारासाठी आपल्याच जिल्ह्यांचे उदाहरण घेऊ. जनगणनेनुसार २००१ मध्ये गडचिरोलीतील साक्षरता सुमारे ६० टक्के होती. ती २०११ मध्ये सुमारे ७४ टक्के झाली. चंद्रपूरची याच काळात सुमारे ७३ वरून ८० टक्क्यांवर गेली. हे आकडे विद्यार्थ्यापुढे ठेवले की तो चारही आकडे चार वाक्यांत पुन्हा लिहून मोकळा होतो, आणि शेवटी शिक्षणाचे महत्त्व सांगणारे एक वाक्य जोडतो. ते वाक्य कोणी विचारलेलेच नसते. परीक्षकाला हवे असते ते निराळेच : दोन्ही जिल्हे पुढे गेले, गडचिरोलीचा वेग अधिक होता, आणि तेरा टक्क्यांच्या सुमाराचे अंतर दहा वर्षांत निम्म्याहूनही कमी झाले. ही तीन विधाने म्हणजे तक्त्याचा अर्थ. त्याआधीचे होते ती नुसती नक्कल. येथेच आणखी एक बारकावा लक्षात ठेवावा लागतो. साठावरून चौऱ्याहत्तर ही वाढ चौदा टक्केबिंदूंची आहे, चौदा टक्क्यांची नव्हे. टक्क्यांत मोजली तर ती मूळच्या जवळजवळ एकचतुर्थांश भरते. अर्थशास्त्राच्या वर्गात हा फरक पक्का झाला तर इंग्रजीच्या परीक्षेत तो चुकणार नाही.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे निबंधात, आमच्या विद्यार्थ्याची पीछेहाट होते असे मानले जाते. वस्तुतः वाद मांडणे त्याला परके नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा हे गाव सर्वसहमतीने निर्णय घेणाऱ्या ग्रामसभेसाठी आणि तिला जोड देणाऱ्या अभ्यासगटासाठी देशभर ओळखले जाते. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळविणाऱ्या पहिल्या गावांत त्याची गणना होते. जेथे सर्वांची संमती मिळेपर्यंत निर्णय होत नाही, तेथे दुसऱ्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते, त्याला कारणाने उत्तर द्यावे लागते आणि शेवटी एका निष्कर्षावर यावे लागते. परीक्षेतील निबंध याहून निराळे काही मागत नाही. जे ग्रामसभेत तोंडी घडते ते कागदावर चार परिच्छेदांत उतरविणे, एवढेच शिकावयाचे असते.

समजा, विषय असा आला : रोजगारासाठी वनप्रदेशात खाणी काढाव्यात काय? एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे लोहखनिज ज्याच्या घराजवळ आहे, त्याला हा विषय पुस्तकातून वाचावा लागत नाही. तरीही तो आरंभ करतो तो ‘निसर्ग हा मानवाचा मित्र आहे’ अशा वाक्याने. कारण निबंध असाच लिहितात असे त्याला शाळेपासून शिकविलेले असते. त्याऐवजी त्याने असे लिहावे : खाणीमुळे रोख मजुरी मिळते हे खरे, परंतु खनिज संपले की ती मजुरीही संपते. तेंदू आणि बांबूचे उत्पन्न हंगामी आणि तुटपुंजे असले तरी जंगल राखले तर ते वर्षानुवर्षे मिळते. यास्तव खाणीला परवानगी देण्याआधी तिचा लाभ स्थानिकांच्या कायमच्या कौशल्यात कसा उतरेल, हे ठरले पाहिजे. यात अलंकार नाही, सुभाषित नाही. विधान आहे, कारण आहे, विरुद्ध बाजूची कबुली आहे आणि निष्कर्ष आहे. निष्कर्ष याच्या नेमका उलट असला तरी गुण कमी होत नाहीत. परीक्षक मत तपासत नाही. मताला दिलेला आधार तपासतो.

आमच्या शिक्षणपद्धतीने याच्या उलट सवय लावली आहे. मार्गदर्शिकेतील निबंध पाठ करावा आणि परीक्षेत उतरवावा, ही ती सवय. शहरातील काही शिकवणी वर्ग हीच गोष्ट अधिक पैसे घेऊन करतात : आरंभाची ठराविक वाक्ये, शेवटाची ठराविक वाक्ये, मधे रिकाम्या जागा. या परीक्षेच्या गुणांकनात पाठांतरित मजकुराला किंमत नाही, हे तिच्या प्रसिद्ध निकषांतच नमूद आहे. म्हणजे ज्या कौशल्यावर आमचा विद्यार्थी आजवर उत्तीर्ण होत आला, तेच येथे त्याला मागे खेचते.

यावर कोणी म्हणेल की, गोंडी किंवा माडिया घरी, मराठी शाळेत आणि तेलुगू किंवा छत्तीसगढी बाजारात बोलणाऱ्या मुलावर ही आणखी एक परकी भाषा लादून त्याची योग्यता ठरविणे हाच अन्याय आहे. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु ही अट बदलणे आमच्या हाती नाही, आणि ती बदलेपर्यंत एक पिढी थांबू शकत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले; पुढे रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथाचे सामर्थ्य भाषेच्या झगमगाटात नाही. ते पुराव्यात आणि युक्तिवादात आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या चंद्रपुरात त्यांनी हजारोंना धम्मदीक्षा दिली, तेथील महाविद्यालयांनी हा वारसाही सांभाळावयास हवा.

त्यासाठी फार मोठ्या निधीची गरज नाही. राज्याची आर्थिक पाहणी दरवर्षी मराठीत आणि इंग्रजीत प्रसिद्ध होते. दोन्ही प्रती शेजारी ठेवून एकच तक्ता दोन भाषांत वाचावा. संज्ञांचा याहून चांगला कोश विकत मिळणार नाही. पदवीच्या पहिल्या वर्षापासून दर पंधरवड्याला एक तक्ता आणि एक प्रश्न द्यावा; पहिल्या सत्रात मराठीत, दुसऱ्यात इंग्रजीत लिहून घ्यावे. शिक्षकाने त्यावर गुणांऐवजी चार निकषांनुसार चार ओळींचा शेरा द्यावा, आणि विद्यार्थ्याने तोच मजकूर पुन्हा लिहावा. सुधारणा होते ती या दुसऱ्या लेखनात. मराठीत नसलेली इंग्रजी उपपदे, भूतकाळाच्या आकड्यांना लागणारे भूतकाळी क्रियापद, अशा ठराविक चुका तेथेच गळून पडतात. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाने अंतर्गत मूल्यमापनात अशा लेखनाला जागा दिली, तर दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये आपोआप या मार्गाला लागतील.

सर्वच विद्यार्थी परदेशी जाणार नाहीत, आणि जावेत असेही नाही. परंतु जो तक्ता वाचून त्याचा अर्थ लिहू शकतो आणि आपले म्हणणे कारणासह मांडू शकतो, तो ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प वाचील, वनहक्काचा दावा नीट लिहील आणि कचेरीत अर्ज देताना दुसऱ्याच्या लेखणीवर विसंबणार नाही. परीक्षेची श्रेणी दोन वर्षांनी बाद होते. ही सवय आयुष्यभर उपयोगी पडते. तिची सुरुवात करण्यास परदेशी विद्यापीठाच्या पत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या सत्रातील पहिला तास त्यासाठी पुरेसा आहे.