ड्रीमलँड: बंद पडलं, जळलं, पुन्हा गजबजलं!

इंग्लंडच्या केंट परगण्यात समुद्रकाठी वसलेलं मार्गेट. सुट्टी लागली की लंडनकरांची इथे झुंबड उडायची. तिथल्या ‘ड्रीमलँड’ या मनोरंजन उद्यानाने शंभरी पार केली आहे. टाकाऊ म्हणून सोडून दिलेल्या गोष्टींना नवं आयुष्य देण्यात या जागेचा हात कुणी धरू शकणार नाही!

स्टेशनात नाचगाणी
विनावापर पडून असलेल्या रेल्वे स्थानकात १८६७ मध्ये ‘हॉल बाय द सी’ हे नाचघर आणि उपाहारगृह सुरू झालं. ते काढणारे स्पायर्स आणि पाँड म्हणजे १८६१-६२ मध्ये इंग्लंडचा क्रिकेट संघ पहिल्यांदा ऑस्ट्रेलियाला नेणारी जोडगोळी!

सिंहांचं बिऱ्हाड
पुढे जागा आली सर्कसवाले ‘लॉर्ड’ जॉर्ज सँगर यांच्याकडे. लॉर्ड ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केली होती. त्यांनी मागच्या बागेत प्राणिसंग्रहालय थाटलं. जनावरांच्या त्या पिंजऱ्यांनाही आज वारसा म्हणून संरक्षण आहे.

बँडवाल्याचं स्वप्न
ब्रिटनमध्ये ब्रास बँडच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू करणारे जॉन हेन्री आइल्स यांनी ही जागा घेतली आणि १९२० मध्ये नाव दिलं ‘ड्रीमलँड’. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर याच नावाचं उद्यान होतं; ते १९११ मध्ये जळून गेलं होतं.

ब्रेक माणसाच्या हातात
१९२० चीच ‘सीनिक रेल्वे’ हा ब्रिटनमधला सर्वांत जुना रोलर कोस्टर. सगळा डोलारा लाकडी. केबल गाडीला चढावर ओढून न्यायची, तिथून पुढे उतार आणि वेग! गाडीतच बसलेला ब्रेकमन दांडा खेचून तिला आवरायचा. वळण कुठलं, वेग किती, सारं त्याच्या मनगटाला पाठ असावं लागे.

थिएटरही झळकलं
१९३५ मध्ये शेजारीच उंच सुळक्यासारख्या मनोऱ्याचं चित्रपटगृह उभं राहिलं. सॅम मेंडिस यांच्या २०२२ च्या ‘एम्पायर ऑफ लाइट’ या चित्रपटाचं चित्रीकरण तिथेही झालं.

मार्गेटकर हटले नाहीत
परदेशी सहली स्वस्त झाल्या, गर्दी ओसरली. २००३ मध्ये उद्यान बंद करून जागेवर दुकानं उभारण्याचा घाट घातला गेला. पण २००२ मध्येच सीनिक रेल्वेला वारसा दर्जा मिळाला होता, म्हणून ती पाडता येईना. लोकांनी ‘सेव्ह ड्रीमलँड’ मोहीम छेडली. २००८ मध्ये आगीने रेल्वेचा मोठा भाग गिळला, तरी कुणी माघार घेतली नाही. अखेर स्थानिक परिषदेने सक्तीने जागा संपादित केली.

जुन्या पाळण्यांना आसरा
१९ जून २०१५ रोजी उद्यानाचे दरवाजे पुन्हा उघडले, तेव्हा इतर बंद उद्यानांतून वाचवून आणलेले पाळणेही दिमतीला होते. सीनिक रेल्वे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये धावली. जुनं ते जपायचं तर कायदा हवा, पैसा हवा. पण त्याआधी गावाने हट्ट धरायला हवा. मार्गेटने तो धरला आणि पुरवूनही घेतला!