व्हॉल्व्हचा जुना अँप, गिटारसाठी

व्हॉल्व्ह : ईसीसी ८३ म्हणजेच अमेरिकी १२एएक्स७. एका काचेत दोन ट्रायोड; गिटारचा क्षीण सिग्नल आधी तोच वाढवतो. ईएल ८४ ची पुश-पुल जोडी साधारण १५ वॅट देते. चाळीच्या खोलीला तेही जास्तच.

बदल : मुख्यतः इनपुटला. पिकअपसाठी सुमारे १ मेगाओम इम्पिडन्स हवा. फार कमी असल्यास वरचे सूर बोथट होतात. ग्रिडला सहसा ६८ किलोओमचा रेझिस्टर.

सुटे भाग : मुंबईत लॅमिंग्टन रोड (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग). जुने अँप : चोर बाजार.

जपून : प्लेटवर ३०० व्होल्ट, कधी अधिकही. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. स्पीकर न जोडता वाजवल्यास आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. दोन पिनांची वायर काढून अर्थिंगची तीन पिनांची बसवावी.