मोरचूद, उवा आणि माशाचं यकृत

खडकवासला जलाशयात टेमघर, वरसगाव, पानशेतकडून येणारं पाणी सह्याद्रीच्या पावसाचं. ते मृदू असतं, क्षार कमी. त्याच भागातल्या बोअरचं पाणी मात्र जड असू शकतं. शेततळ्यात रोहू-कटला सोडणाऱ्याला हा फरक माहीत नसला, की ‘मोरचूद द्राक्षावरही मारतात, चार मुठी जास्त पडलं तर काय बिघडतं?’ हा समज फार महागात पडतो.

मृदू पाण्यात मोरचुदातलं तांबं मोकळं राहतं, कल्ल्यांना चिकटतं आणि माशाच्या अंगातले क्षार निसटू लागतात. मात्रेचा रूढ हिशेब असा: लिटरमागे जितके मिलिग्रॅम अल्कता, तिच्या शंभराव्या भागाइतकं मोरचूद. अल्कता 100 असेल, तर 10 लाख लिटरच्या तळ्याला एक किलो. अल्कता 50 च्या खाली असेल, तर मोरचुदाला हातच लावू नये.

‘औषधानं माशाची जनुकं बदलतात, तो खाल्ला की आपलीही बदलतील’ ही भीती निराधार आहे. जनुक तेच राहतं, त्याचं काम वाढतं. तांबं आलं की यकृतात मेटॅलोथायोनिन या प्रथिनाचं जनुक जोरात चालू होतं. धुराड्यातली काजळी किंवा जळकं तेल पाण्यात उतरलं की सीवायपी1ए हे जनुक जागं होतं. माशाचा डीएनए आपल्या पोटात इतर अन्नासारखाच पचतो.

खरा धोका उलट्या समजात आहे: ‘जनुकं विष काढतात, म्हणजे मासा शुद्ध झाला.’ मेटॅलोथायोनिन तांबं धरून ठेवतं, ते लगेच बाहेर जात नाही. मॅलॅथिऑन या कीटकनाशकाचं तर यकृतातच मॅलॅऑक्सॉन होतं, मूळ औषधापेक्षा जहाल. बुरशीवरचं मॅलॅकाइट ग्रीन शरीरात रंगहीन रूप घेऊन मांसात दीर्घकाळ टिकतं. तळ्याचा हिरवा रंग गेला म्हणून मासा निर्धोक होत नाही. खाण्याच्या माशांसाठी मॅलॅकाइट ग्रीनवर अनेक देशांत बंदी आहे आणि ती योग्यच आहे. जनुकांची धावपळ वाढलेली दिसली, तर माशाला विष लागलं एवढंच कळतं. शिवाय त्या धावपळीला लागणारी ताकद वाढीतून वजा होते.

माशांच्या उवांवर डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक ओततानाही एक गोष्ट विसरली जाते: माणसाचं शरीर ते झपाट्यानं तोडतं, मासा फार सावकाश.

म्हणून औषध तळ्यात टाकण्याआधी त्याच पाण्याच्या बादलीत, हवा चालू ठेवून, ठरवलेल्या मात्रेत चार-पाच बोटुकल्या चोवीस तास ठेवून बघा.