चष्मा बदलायचाय? आधी डोळे तपासून घ्या

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत सही करायची वेळ आली की काय होतं ते आठवा. कुणी वही हातभर लांब धरते, कुणी मान मागे नेते, तर कुणी शेजारणीला म्हणते, “दे गं जरा तुझा चष्मा.” एकच चष्मा चार जणींच्या नाकावरून फिरतो. हसण्यावारी न्यावं असंच वाटतं. पण त्याच चष्म्यातून आपण कर्जाच्या हप्त्याचा आकडा वाचतो, आणि घरी गेल्यावर औषधाच्या पाकिटावरची तारीखही.

चाळिशी आली की जवळचं अंधुक दिसू लागतं. आपल्याकडे चष्म्यालाच ‘चाळिशी’ म्हणतात ते उगीच नाही. डोळ्यातलं भिंग वयानुसार कडक होत जातं, जवळचं पाहताना पूर्वीसारखं फुगत नाही. मग सुईत दोरा जात नाही, तांदळातला खडा हाताखालून निसटतो. हा काही आजार नव्हे. साधारण साठीपर्यंत हा नंबर हळूहळू वाढतोच, चष्मा लावा नाहीतर लावू नका. “चष्म्याची सवय लागली की नंबर वाढतो” हे ऐकलेलं डोक्यातून काढून टाका. योग्य चष्म्याने कामात किती फरक पडतो, ते आसामातल्या चहामळ्यांत मोजलं गेलंय. चाळिशी ओलांडलेल्या, पानं खुडणाऱ्या कामगारांपैकी काहींना जवळचा चष्मा दिला. चष्मा न मिळालेल्यांपेक्षा त्यांची खुडणी सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पानं खुडायला एवढा फरक पडत असेल, तर शिवणकाम, पापड, निवडण-टिपण करणाऱ्या आपल्या बायांना का पडणार नाही?

म्हणजे चष्मा हवाच. प्रश्न आहे तो कसा घ्यायचा याचा.

बाजाराच्या दिवशी पथारीवर मांडलेले चष्मे एकेक लावून बघायचे, ज्यातून अक्षर मोठं दिसेल तो घ्यायचा, असं आपण करतो. त्या चष्म्यात दोन्ही काचा एकाच नंबरच्या असतात. आपले दोन्ही डोळे मात्र सारखे असतीलच असं नाही. तिरपा नंबर असेल तर तो त्यात नसतोच. काचेचा मध्य आपल्या बुबुळासमोर आला नाही तर डोकं दुखतं, डोळे ओढल्यासारखे होतात. अडीनडीला असा चष्मा चालून जाईल. पण खरा धोका वेगळाच आहे: दिसायला लागलं की आपण डॉक्टरकडे जायचं टाळतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. नंबर काढणं वेगळं आणि डोळे तपासणं वेगळं. दुकानात मशीनसमोर हनुवटी टेकवली, कागदावर आकडे आले, की आपण म्हणतो “कॉम्प्युटरवर डोळे तपासले”. ते मशीन फक्त नंबरचा अंदाज देतं. डोळ्याच्या आतला दाब किती, मागचा पडदा कसा आहे, हे त्याला कळत नाही.

काचबिंदूचंच घ्या. बहुतेक वेळा त्यात दुखत नाही, लाल होत नाही, समोरचं स्वच्छ दिसत राहतं. नजर कडेकडेने कमी होत जाते, आणि गेलेली परत येत नाही. वेळेत कळलं तर रोजच्या थेंबांनी उरलेली राखता येते. आईवडिलांना किंवा भावाबहिणींना काचबिंदू असेल तर तपासणी अजिबात चुकवू नका. डोळे चुरचुरतात म्हणून मेडिकलमधून मनानेच आणलेले थेंब महिनोन्‌महिने घालत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. स्टेरॉइडच्या थेंबांनी डोळ्यातला दाब वाढू शकतो.

साखरेचा त्रास असलेल्या ताईंनी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यायचाच, दिसत असलं तरी. पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होत असताना सुरुवातीला काहीच जाणवत नाही. आणि साखर खूप वाढलेली असताना चष्मा करायला टाकू नका. साखरेबरोबर नंबरही पुढे-मागे होतो. साखर आटोक्यात आली की तोच नवा चष्मा लागेनासा होतो आणि पैसे वाया जातात.

मोतीबिंदूची तर गंमतच असते. सासूबाई एक दिवस म्हणतात, “मला आता चष्म्याशिवाय वाचता येतं, नजर परत आली!” घरात आनंद होतो. पण साठी-सत्तरीत असं झालं तर बऱ्याचदा तो पिकत चाललेला मोतीबिंदू असतो. भिंग घट्ट होऊन जवळचं थोडे दिवस बरं दिसतं, मग दूरचं आणि जवळचं दोन्ही धूसर. नंबर सारखा बदलत असेल तरीही चष्म्यामागे चष्मा घेत बसू नका, आधी दाखवा.

चाळिशीनंतर दर एक-दोन वर्षांनी तपासणी पुरते. पण अचानक एका डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं झालं, विजा चमकल्या, किंवा डोळा जोरात दुखून दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जायचं कुठे? बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांत नेत्र चिकित्सा अधिकारी असतात. पडद्याची तपासणी आणि शस्त्रक्रियेसाठी ते उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवतात. सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते. तपासणीचा वार कोणता, ते आशाताईंना विचारा. भाड्याची अडचण असेल तर गटातून अंतर्गत कर्ज मागायला लाजू नका. म्हशीला डॉक्टर आणायला आपण एका बैठकीत कर्ज मंजूर करतो!

जाताना जुना चष्मा आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. अक्षरओळख नसेल तर आधीच सांगा, चिन्हांचा तक्ता असतो. पडदा बघायला थेंब घालतात, त्याने काही तास जवळचं दिसत नाही आणि उन्हाचा त्रास होतो. म्हणून सोबत कुणीतरी न्या, गाडी स्वतः चालवू नका, आणि त्या दिवशी बँकेत सहीचं काम ठेवू नका. निघताना नंबरचा कागद मागून घ्या आणि पासबुकात जपून ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टरांना तोच आधी लागतो.